सोमवारी संपलेलं मतदान, मंगळवारी आलेला रिपोर्ट

प्रति,
तांत्रिक व्यवस्थापन मंडळ, आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटना (आयएसओ), जिनिव्हा
तसेच
आयएसओच्या मसुद्यांवर भारताचं मत ठरवणारे अधिकारी आणि तांत्रिक समित्यांचे सदस्य, भारतीय मानक ब्यूरो, मानक भवन, नवी दिल्ली

विषय : दोन बैठकांच्या मधल्या काळात दुरून होणाऱ्या मतदानाची पद्धत सुधारण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फौंड्री चालवतो. वडिलांनी शिवाजी उद्यमनगरात कपोल्यावर, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर, सुरुवात केली, मी इंडक्शन फर्नेसवर आलो. ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न, बिडाचे हे दोन्ही प्रकार ओततो. पंपाच्या बॉड्या, ट्रॅक्टरचे भाग, ब्रेक ड्रम असं काम. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, उद्यमनगर मिळून इथं तीनशेच्या आसपास फौंड्र्या आहेत. त्यातल्या बहुतेक माझ्याएवढ्या किंवा माझ्याहून लहान. आमच्या प्रत्येक चलनावर, प्रत्येक टेस्ट सर्टिफिकेटवर कुठल्या ना कुठल्या मानकाचा नंबर असतो. तो नंबर आमच्यासाठी कायद्याइतकाच पक्का. त्यातला एक आकडा बदलला, तर एक तर माल पास होतो किंवा ट्रकभर माल परत येतो.

आणि हा आकडा बदलतो तो बहुतेक वेळा कुठल्याही बैठकीत नाही. बैठक होते, चर्चा होते, सगळे आपापल्या देशी परततात. खरा निर्णय नंतर होतो. संगणकावर मसुदा येतो, ठरलेल्या मुदतीत प्रत्येक देशाची मानक संस्था ‘होय’, ‘नाही’ किंवा ‘तटस्थ’ असं कळवते आणि मुदत संपली की मोजणी होते. मला जे सांगायचं आहे ते या मधल्या काळाबद्दल आहे.

कोल्हापूरच्या माणसाला ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही. गोकुळ दूध संघाची निवडणूक आली की जिल्ह्यात ‘ठराव’ हा शब्द घराघरांत ऐकू येतो. गावातल्या दूध संस्थेने ज्याच्या नावाने ठराव केला, तो ठरावधारक संस्थेतर्फे मत देतो. म्हैस धुणारी बाई, पहाटे कॅन घेऊन डेअरीवर जाणारा पोरगा, यांना थेट मत नाही. त्यांचं मत त्या ठरावात असतं. आयएसओमध्ये भारताचा ठरावधारक म्हणजे भारतीय मानक ब्यूरो. एका देशाची एकच संस्था सदस्य आणि तिचं एकच मत. १९४७ साली आयएसओचं काम सुरू झालं, तेव्हापासून भारत तिच्यात आहे. या रचनेबद्दल माझी तक्रार नाही. पण ठरावधारकाने मत देण्याआधी गावात एकदा तरी बसावं, ही अपेक्षा दुधाच्या बाबतीत रास्त असेल तर बिडाच्या बाबतीतही रास्तच आहे.

माझ्या बाबतीत काय घडलं ते सांगतो. कोणता मसुदा, कोणत्या मार्गाने आला, कोणाकडे अडकला, ही नावं मुद्दाम घेत नाही. एका माणसाची चूक काढून पद्धत सुधारत नाही. ओतकामाच्या चाचणीपट्टीबद्दलचा तो मसुदा होता. पट्टी वेगळी ओतायची, की कास्टिंगला जोडून ओतायची, की कास्टिंगच्याच जाड भागातून कापून घ्यायची, असा प्रश्न. बाहेरच्या माणसाला ही बारीकसारीक गोष्ट वाटेल. पण जाड भाग सावकाश थंड होतो, त्यातलं ग्रॅफाइट मोठं होतं आणि ताकद उतरते. तोच धातू, तीच हीट, म्हणजे भट्टीतला तोच रस. वेगळ्या ओतलेल्या ३० मिलिमीटरच्या पट्टीत पास होतो आणि जाड भागातून कापलेल्या पट्टीत नापास. पट्टी कुठून घ्यायची हे ठरलं, की माल कोणत्या ग्रेडचा हेही निम्मं ठरतं.

मसुदा माझ्या हातात आला तेव्हा मुदत संपायला चार दिवस होते. मधल्या एका टेबलावर तो कितीतरी आठवडे पडून होता. गुरुवारी संध्याकाळी वाचला, शुक्रवारी तीन हीट मुद्दाम वेगवेगळ्या जाडीच्या ओतल्या, शनिवारी पट्ट्या लेथवर वळवून लॅबला दिल्या. आमचे फर्नेसवरचे मेस्त्री सगळं बघत होते. त्यांनी विचारलं, “मालक, हे आपल्याला कोण विचारतंय व्हय?” मी म्हटलं, विचारतंय, सोमवारपर्यंत. टेन्साइलचा, म्हणजे पट्टी ताणून तोडण्याच्या चाचणीचा, रिपोर्ट मंगळवारी आला. मला वाटत होतं तेच त्यात होतं आणि आकड्यांनिशी होतं. मतदान सोमवारी संपलं होतं.

तो रिपोर्ट अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. मेस्त्रींना मी काय झालं ते सांगितलं, तेव्हा ते काही बोलले नाहीत, लॅडल (रस ओतायचं भांडं) तापवायला गेले.

आता नियमांबद्दल. आयएसओ आणि आयईसी (विद्युत क्षेत्रातली तशीच आंतरराष्ट्रीय संस्था) यांच्या निर्देशिकेचा पहिला भाग मी जमेल तसा वाचला आहे. चौकशी मसुद्यावर मत द्यायला बारा आठवडे, अंतिम मसुद्यावर आठ आठवडे. मंजुरीसाठी पूर्ण सहभागी सदस्यांच्या मतांपैकी दोन तृतीयांश ‘होय’ हवीत आणि इतर सदस्य धरून एकूण मतांत ‘नाही’ एक चतुर्थांशाहून जास्त नको. तटस्थ मतं मोजणीतून बाहेर. तांत्रिक कारण न दिलेलं ‘नाही’ही बाहेर.

हे वाचून मी कागदावर एक हिशेब मांडला. समितीत वीस पूर्ण सदस्य आहेत असं धरा आणि मतं तेवढीच आली. आठ तटस्थ राहिले. नऊ ‘होय’, तीन ‘नाही’. बारापैकी नऊ म्हणजे दोन तृतीयांशाहून जास्त आणि ‘नाही’ बरोबर एक चतुर्थांश. मसुदा मंजूर. म्हणजे वीसपैकी नऊ देशांच्या होकारावर जगाचं मानक ठरलं. पूर्ण सदस्याला मत देणं बंधनकारक आहे, पण ‘तटस्थ’ कळवलं तरी ते कर्तव्य पार पडतं आणि मोजणीत मात्र ते शून्य ठरतं. ते आठ तटस्थ का राहिले? त्यांच्याकडे तज्ज्ञ नव्हता? देशात मतभेद होता? की त्यांच्याही शिरोलीत कुठल्या टेबलावर मसुदा पडून राहिला होता? निकालाच्या आकड्यात या तिन्हींचा चेहरा एकच दिसतो.

दुसरी गोष्ट मला जास्त लागते. तांत्रिक कारणाशिवाय ‘नाही’ मोजलं जात नाही, हा नियम योग्यच आहे; नाहीतर कोणीही हट्टाने अडवून धरेल. पण लहान फौंड्रीवाला सहसा काय म्हणतो? “परवडणार नाही.” हे तांत्रिक कारण ठरत नाही. त्याच्या ‘परवडणार नाही’च्या पोटात मात्र पक्कं तांत्रिक कारण असतं. एवढ्या जाडीला हा आकडा गाठायचा तर निकेल किंवा तांबं वाढवावं लागेल, नाहीतर उष्णता प्रक्रिया करावी लागेल, आणि त्याने मशिनिंग जड जाईल. त्याला ते कलम क्रमांक, परिच्छेद, शेऱ्याचा प्रकार आणि सुचवलेला बदल अशा रकान्यांत, इंग्रजीत मांडता येत नाही. आयएसओच्या अधिकृत भाषा इंग्रजी, फ्रेंच आणि रशियन. त्याचं ज्ञान त्याच्या हातात आहे आणि ते मराठीत आहे. ते रकान्यात उतरवून देणारा मधला माणूस आज नाही.

दुरून झालेल्या मतदानाने किती अडचण होऊ शकते, याचं एक उदाहरण या क्षेत्रातल्या सगळ्यांना माहीत आहे. कार्यालयीन दस्तऐवजांच्या ‘ऑफिस ओपन एक्सएमएल’ या स्वरूपाचा मसुदा जलद मार्गाने मतदानाला आला होता. सहा हजारांहून अधिक पानं आणि पाच महिन्यांची मुदत. २ सप्टेंबर २००७ ला मुदत संपली, तेव्हा ३२ पूर्ण सदस्यांच्या मतांपैकी १७ ‘होय’ आणि एकूण ६९ मतांपैकी १८ ‘नाही’. दोन्ही अटींवर मसुदा पडला. आक्षेपांचा ढीग इतका होता, की फेब्रुवारी २००८ मध्ये जिनिव्हात पाच दिवसांच्या बैठकीत आक्षेपांवरच्या हजारभर उत्तरांचा निपटारा करायचा होता. बहुतेकांवर चर्चाच झाली नाही, ती एकगठ्ठा मताला टाकली गेली. मग देशांना मत बदलायला महिनाभर मिळाला आणि ३२ पैकी २४ ‘होय’ होऊन मसुदा मंजूर झाला. भारताने दोन्ही वेळा ‘नाही’ म्हटलं. पुढे भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला यांनी अपील केलं, ते फेटाळलं गेलं.

मसुदा चांगला होता की वाईट, हे ठरवण्याइतकं मला संगणकातलं कळत नाही. माझं लक्ष वेगळ्या गोष्टीवर आहे. त्या मतदानाच्या ऐन तोंडावर अनेक देश पूर्ण सदस्य झाले, मोठं मतदान पार पडलं आणि त्यानंतर त्या विषयाच्या उपसमितीच्या साध्या मतदानांत यातले कित्येक गप्प बसले. पुरेशी मतंच येईनात, म्हणून दुसऱ्याच लोकांची कामं खोळंबली. मौनाची किंमत अशी भलत्याच माणसाला मोजावी लागते.

आमच्याकडे पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. पाणी घरात शिरेपर्यंत कोणी थांबत नाही. ३९ फुटांनाच भोंगे वाजतात, जनावरं हलवतात. मतदानालाही अशी इशारा पातळी हवी. निम्मी मुदत उलटली आणि निम्म्याहून कमी देशांनी मत नोंदवलं असेल, तर त्याच दिवशी समितीच्या सचिवालयाने त्या देशांना कळवावं, अडचण विचारावी आणि गरज असेल तर तासाभराची ऑनलाइन समजावणी ठेवावी. कोरोनाच्या काळात २०२० पासून आयएसओच्या समित्यांच्या बैठका संगणकावर झाल्याच. अख्ख्या बैठका होऊ शकतात तर एका मसुद्यावर तासाभराचं बोलणं होऊ शकतं. त्याचं रेकॉर्डिंग ठेवावं, म्हणजे वेळेच्या फरकाने ज्यांची मध्यरात्र असते त्यांनाही ते पाहता येईल.

पुराचा विषय निघाला म्हणून सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पुणे-बंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस पाण्याखाली होता. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. वीज नाही, कामगार घरी पोचू शकत नाहीत, लॅब बंद, काही जणांच्या फर्नेसच्या कॉइलमध्ये पाणी. अशा आठवड्यात एखाद्या मसुद्याची मुदत संपत असेल तर ती सरळ संपते. राष्ट्रीय संस्थेने आपत्तीचं कारण देऊन दोन आठवड्यांची वाढ मागितली तर ती आपोआप मिळावी, एवढी तरतूद निर्देशिकेत असावी. वर्षातून एकदा, एका समितीत एकदा, अशी मर्यादा घाला. गैरफायदा कोणी घेणार नाही असं मी म्हणत नाही, पण तीन वर्षं चालणाऱ्या कामात दोन आठवडे म्हणजे फार नाहीत. एखादं मानक तयार व्हायला साधारण १८, २४ किंवा ३६ महिने लागतात, असं आपलंच वेळापत्रक सांगतं.

ज्यांना घाई आहे त्यांची बाजूही मला कळते. एसजी आयर्नमध्ये मॅग्नेशियम दिल्यावर धातू थांबवून ठेवता येत नाही. थोड्याच मिनिटांत त्याचा परिणाम उतरायला लागतो, मग कितीही चांगला साचा असला तरी ग्रॅफाइटचे गोळे नीट होत नाहीत. मानकाचंही तसंच. फार रेंगाळलं की बाजार पुढे जातो. म्हणूनच मी बारा आठवड्यांचे वीस करा असं मागत नाही. बारा आठवडे पुरेसे आहेत, ते आमच्यापर्यंत पोचले तर.

मानक ब्यूरोतल्या आपल्या लोकांना माझी हीच विनंती आहे. बारा आठवड्यांची आतल्या आत वाटणी करा आणि ती जाहीर करा. मसुदा आल्यावर पहिल्या आठवड्यात तो संबंधित उद्योगसमूहांपर्यंत जावा. आठव्या आठवड्याअखेर आमच्याकडून मतं यावीत. नवव्या-दहाव्यात समितीने बसून भारताचं मत ठरवावं. उरलेले दोन आठवडे रकाने नीट भरायला. देशातल्या मानकांच्या मसुद्यांवर ब्यूरो सूचना मागवतं, भारतीय मानकं आता फुकट वाचायला मिळतात, या चांगल्या गोष्टी आहेत आणि आम्ही त्यांचा उपयोग करतो. आयएसओच्या मसुद्यांच्या बाबतीत मात्र कॉपीराइट आडवा येतो. मसुदा समितीबाहेर सर्रास देता येत नाही. त्याचं उत्तर जिनिव्हाकडे आहे. प्रत्येक मतदानासोबत एक पान द्या, साध्या भाषेतलं. आधी काय होतं, आता काय बदलतंय, का बदलतंय आणि याचा लहान कारखान्यावर काय परिणाम होईल. ते एक पान कोणत्याही देशाला, कोणत्याही भाषेत भाषांतर करून मोकळेपणी वाटता यावं, असं लिहून द्या. मसुद्याची पन्नास पानं मेस्त्री वाचणार नाहीत. मराठीतलं एक पान ते वाचतील आणि त्यावर ते जे बोलतील ते जिनिव्हातल्या तज्ज्ञाला कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही.

तटस्थ मताला कारण जोडा. तज्ज्ञ नाही, देशात एकमत नाही, वेळ मिळाला नाही. तीनपैकी एक खूण. निकालात ते आकडे छापा. तटस्थांची संख्या ‘होय’ म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त झाली, तर मसुदा पुढच्या टप्प्यावर जाण्याआधी एक चर्चा सक्तीची करा. माझ्या हिशेबातल्या वीस देशांत तेवढ्यानेही अडलं नसतं, हे मला माहीत आहे. तिथं आठ विरुद्ध नऊ. पण कारणं छापली गेली असती तर त्या आठांपैकी पाच जणांना वेळ मिळाला नाही हे निदान दिसलं असतं.

समितीच्या अंतर्गत मतदानांबद्दल थोडंच. ती बहुधा चार आठवड्यांत उरकली जातात. अध्यक्ष नेमणं, बैठकीची जागा ठरवणं, यासाठी ते ठीक आहे. कामाची व्याप्ती बदलायची असेल तर चार आठवडे आमच्यासारख्या देशाला पुरत नाहीत. तेवढं वेगळं काढा.

आणि उत्तर. शेऱ्यांच्या तक्त्यात शेवटचा रकाना सचिवालयाच्या उत्तराचा असतो. ‘मान्य’, ‘अंशतः मान्य’, ‘अमान्य’, आणि कारण. तो रकाना भरून समितीकडे येतो, पण ज्याच्या हीटच्या आकड्यावरून तो शेरा गेला त्याच्यापर्यंत बहुधा येत नाही. दिल्लीहून ते एका मेलमध्ये पाठवता येईल. अमान्य झालं तरी चालेल. आमचे मेस्त्री रिजेक्ट झालेलं कास्टिंग फोडून बघतात, आत ब्लो होल (वायूचं भोक) होतं की श्रिंकेज (आकसल्याची पोकळी). कारण कळल्याशिवाय दुसऱ्या दिवशी त्याच पॅटर्नवर साचा करत नाहीत.

आमच्याही बाजूला काम आहे, ते मी टाळत नाही. कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, स्मॅक आणि गोशिमा (शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखानदारांच्या संघटना) आणि फौंड्रीमन संस्थेचा कोल्हापूर चॅप्टर, या सगळ्यांचा मी कुठे ना कुठे सभासद आहे. आपल्यापैकी कितीजणांनी कधी एखादा मसुदा मागवून वाचला? आपण डिस्पॅच, वीजबिल, वाळूचे भाव यांत इतके गुंतलेलो असतो, की मानक बदललं हे ग्राहकाच्या नव्या ड्रॉइंगवरून कळतं. मग ओरडतो. या संघटनांनी मिळून एक छोटी मानक समिती नेमावी, असं मी त्यांना वेगळ्या पत्रात लिहिलं आहे. दोन मेटलर्जिस्ट, एक लॅबवाला, एक निर्यात करणारा, एक उद्यमनगरातला लहान फौंड्रीवाला आणि फर्नेसवरचा एक मेस्त्री. मेस्त्री असलेच पाहिजेत. शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलं रकाने भरायला मदत करतील. त्यांचा इंग्रजीचा प्रश्न नाही आणि त्यांना खरं काम हवंच असतं.

ब्यूरोच्या पुणे शाखेतून वर्षातून दोनदा कोणी कोल्हापुरात येऊन बसलं, तर हे काम पटकन रुळेल. येत्या सहा महिन्यांत आयएसओत बीड, पोलाद, चाचणी यांवर कोणते मसुदे मताला येणार आहेत, तेवढी यादी जरी आगाऊ मिळाली तरी आम्ही हीट आणि लॅबची वेळ राखून ठेवू. मानकांचा पाच वर्षांनी फेरआढावा होतो, त्याच्या मतदानाला तर कित्येक महिने असतात. सुरुवात तिथून करता येईल. घाई नाही, मानक छापलेलं आहे, आम्ही ते रोज वापरतो आणि कुठे बोचतं हे आम्हाला माहीत आहे.

शिरोलीतल्या तीन फौंड्र्यांशी मी बोललो आहे. मसुदा किंवा ते एक पान हातात आल्यापासून चार आठवड्यांत प्रत्येकी तीन हीट ओतून, वेगवेगळ्या जाडीच्या पट्ट्यांचे टेन्साइल, हार्डनेस आणि मायक्रोचे (सूक्ष्मरचनेचे) आकडे आम्ही लेखी देऊ, स्वतःच्या खर्चाने. मेस्त्रींनीही हो म्हटलं आहे. आकडे कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या नमुन्यात पाठवायचे, ते कृपया कळवावं.

आपला,
शिरोलीतील एक फौंड्रीचालक
कोल्हापूर